नाटकाच्या पडद्यावरचं वाळवंट चादरीसारखं का दिसतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या हौशी मंडळाचं नाटक दिवाळीनंतर बडोद्यातल्या अकोट्याच्या नगरगृहात आहे. शेवटचा अंक जैसलमेरच्या पुढे, थरच्या वाळवंटात, पहाटे घडतो. मागे भाड्याची एलईडी वॉल असणार आणि तिच्यावरचं दृश्य तुम्ही टेराजेन या निसर्गदृश्यं तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करताय. डिटेल वाढवलं, आठ-के वाळूचं टेक्स्चर लावलं, नॉइजवर नॉइज, म्हणजे संगणकाने पाडलेले बेतरतीब चढउतार, चढवला, टेकड्यांची उंची दीडशे मीटरपर्यंत नेली, तरी दिग्दर्शक म्हणतात, “हे वाळवंट नाही, चुरगळलेली चादर आहे.” आता कुणीतरी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितलंय आणि ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

कार्ड घेऊ नका. टेराजेनचं अंतिम रेंडरिंग, म्हणजे सीनचं पक्कं चित्र काढण्याचं काम, प्रोसेसरवर चालतं, त्यामुळे कार्डाने तिथे काही फरक पडणार नाही. आणि समजा मशीन दहापट वेगवान झालं, तरी तीच चादर दहापट लवकर मिळेल. तुमच्या दिग्दर्शकांची नजर मात्र चांगली आहे. नेमकं काय चुकतंय ते त्यांना सांगता येत नसेल, पण त्यांना जे खटकलं तेच खरं दुखणं आहे: तुमच्या वाळवंटात वारा कुठून वाहतो ते कळत नाही.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण माझा सल्ला तुमच्या कामापुरता आहे. कॅमेरा वाळूवरून उडत जाणार असेल, किंवा दृश्य मोठ्या पडद्यावरच्या सिनेमासाठी असेल, तर बरीचशी उत्तरं बदलतात. तुमचा कॅमेरा स्थिर आहे, समोर माणसं उभी राहणार आहेत आणि वॉल भाड्याची आहे. भाड्याच्या वॉलचे पॅनेल बहुधा ५०० बाय ५०० मिलिमीटरचे असतात आणि ३.९ पिचच्या, म्हणजे दोन पिक्सेलांमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर असलेल्या, एका पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल येतात. सात मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वॉल लावली, तर एकूण हिशेब होतो १७९२ बाय ८९६ पिक्सेल. तुमचं आठ-के टेक्स्चर यात कुठे मावणार? आजकाल हातातल्या फोनचा पडदासुद्धा यापेक्षा बारीक असतो. म्हणून कण दाखवायच्या मागे लागू नका. तुमच्या कामात आकार, उजेड आणि अंतर या तीनच गोष्टी प्रेक्षकापर्यंत पोचणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. टेराजेनमधला पॉवर फ्रॅक्टल असो, ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज टेक्स्चर असो, या सगळ्यांच्या मुळाशी केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात काढलेली नॉइजची पद्धत आणि तिचे भाऊबंद आहेत. डोंगराला ती चालते, कारण डोंगर सगळीकडून झिजतो. पण या नॉइजला दिशा नसते. त्यात उंचवटे आणि खड्डे सारख्याच घाटाचे असतात आणि उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचे उतार सरासरीने सारखे असतात. वाळूची टेकडी तशी कधीच नसते. वारा वाळूचे कण उड्या मारत मारत चढावावरून वर नेतो, त्यामुळे वाऱ्याकडची बाजू लांब आणि सावकाश चढणारी राहते, साधारण १० ते १५ अंशांची. माथ्यावर पोचलेले कण पलीकडे आडोशाला पडतात, साचतात, आणि उतार जास्त झाला की घसरतात. कोरडी वाळू साधारण ३२ ते ३४ अंशांच्या पुढे उभी राहूच शकत नाही. म्हणून आडोशाची बाजू आखूड, तीव्र आणि फळीसारखी सरळ असते, आणि दोन्ही बाजू मिळतात तिथे सुरीसारखी कड निघते. हे सगळं राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि मग प्रयोगशाळेत हवेच्या बोगद्यात वाळू उडवून १९४१ साली व्यवस्थित मांडून ठेवलंय. आपल्याला फक्त ते पाळायचं आहे.

तुमच्या फाइलवर लगेच एक चाचणी करून बघा. एक सरफेस लेअर घ्या, त्याला भडक लाल रंग द्या आणि उताराच्या मर्यादेत किमान कोन ३५ अंश ठेवा. दुसरा लेअर निळा, ३० ते ३५ अंशांमधला. आता वरून, नकाशासारखं, रेंडर करा. माझा अंदाज, लाल रंग भरपूर दिसेल, म्हणजे अशक्य उतार. आणि निळा रंग टेकड्यांच्या सर्व बाजूंना विखुरलेला असेल. खऱ्या वाळवंटात लाल शून्य, आणि निळ्या पट्ट्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून असतात. ही चाचणी मी प्रत्येक वाळवंटाच्या कामात शेवटपर्यंत चालू ठेवतो. सुंदर पोत, उजेड, धूळ वगैरे चढवल्यावर चूक झाकली जाते, पण जात नाही. बघणाऱ्याला ती नाव न सांगता येता खटकत राहते.

मग आधी वारा ठरवा. थरमध्ये वाळूला आकार देणारा मुख्य वारा उन्हाळ्यातला, नैऋत्येकडून येणारा. हिवाळ्यात उलट दिशेचा वारा असतो, पण मंद; तो फार तर माथ्याची कड थोडी कुरतडतो. म्हणजे तुमच्या टेकड्यांचा सावकाश चढ नैऋत्येला आणि तीव्र उतार ईशान्येला हवा. सीनमध्ये उत्तर दिशा कुठली ते लिहून ठेवा. हसू नका, निम्म्या लोकांच्या फाइलमध्ये उत्तर ठरलेलीच नसते.

टेकड्यांचा प्रकार वाळू किती आणि वारा किती दिशांनी, यावर ठरतो. वाळू कमी आणि वारा एकाच दिशेचा असेल तर शाळेच्या भूगोलात काढलेली चंद्रकोर, म्हणजे बारखाण. तिची टोकं वारा जातो त्या दिशेला असतात. वाळू मुबलक आणि वारा एकाच दिशेचा, तर वाऱ्याला आडव्या लांब रांगा. दोन दिशांचे वारे आलटून पालटून वाहिले तर लांबच लांब सैफ टेकड्या. चहूकडून वारे, तर ताऱ्यासारख्या टेकड्या, ज्या नामिबियात किंवा चीनच्या बदाइन जारानमध्ये ३०० मीटरच्याही वर जातात. थरमध्ये मात्र बऱ्याच भागात पॅराबोलिक टेकड्या आहेत: केसाच्या पिनेसारख्या, आणि त्यांचे हात वाऱ्याकडे, म्हणजे नैऋत्येला. बारखाणच्या बरोबर उलट. कारण इथे झाडंझुडपं आहेत. ती दोन्ही बाजूंची वाळू धरून ठेवतात आणि मधला भाग पुढे सरकत जातो. जैसलमेरच्या पश्चिमेला, जिथे जास्त कोरडं आहे, तिथे बारखाण आणि आडव्या रांगाही सापडतात. तुमच्या अंकासाठी मी आडव्या, किंचित वळणदार रांगा घेईन आणि लांब क्षितिजाकडे एखाद-दोन पॅराबोलिक हात. त्यात नाट्यही आहे आणि जागेशी बेइमानीही नाही.

आणि ती दीडशे मीटर उंची काढा. थरमधल्या टेकड्या साधारण १० ते ३० मीटरच्या. दीडशे मीटरच्या टेकडीसमोर तुमचा नट उभा राहिला, की एक तर टेकडी जवळची आणि छोटी वाटेल किंवा नट बाहुला वाटेल. चादरीचा भास होण्याचं दुसरं कारण हेच आहे: मोठ्या आकाराला छोट्या आकाराचा तपशील लागलाय. बारखाणचा एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, उंची रुंदीच्या साधारण एक दशांश. लोक हमखास तीन-चारपट उंच करतात, कारण व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करतानाच्या खिडकीत, खरी टेकडी फार सपाट दिसते. दिसू दे. सूर्य खाली आला की ती उठते.

प्रत्यक्ष आकार करायला दोन वाटा आहेत. पहिली वाट टेराजेनमध्येच. रिजेस प्रकारचा पर्लिन नॉइज घ्या म्हणजे माथ्याला धार येते. तो वाऱ्याच्या आडव्या दिशेने चारेक पट ताणा, म्हणजे रांगा होतील. मग वॉर्प शेडरने त्या थोड्या वाकवा, नाहीतर नांगरलेलं शेत दिसेल. दोन बाजूंचा फरक आणायला रिडायरेक्ट शेडर वापरा: जितकी उंची जास्त, तितका बिंदू वाऱ्याच्या दिशेने पुढे ढकला. माथा पुढे झुकतो, मागचा चढ लांबतो, पुढचा उतार आखडतो. किती ढकलायचं ते लाल-निळ्या चाचणीवर ठरवा. लाल दिसायला लागलं की मागे या. शेवटी छोट्या मापाचा नॉइज जवळजवळ बंद करा. स्मॉलेस्ट स्केल वाढवून दोन-तीन मीटरवर आणा. डोंगराच्या सवयीने आपण बारीक खडबडीतपणा ठेवतो, वाळूच्या टेकडीला तो नसतोच. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पृष्ठभाग गुळगुळीत, आणि त्यावर थेट बोटभर मापाच्या लहरी. मधली मापं रिकामी. चादरीच्या सुरकुत्या नेमक्या त्या मधल्या मापातून येतात.

दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि पायथन येत असेल तर अवघड नाही. १९९५ मध्ये बी. टी. वर्नर यांनी वाळूच्या टेकड्यांचं एक अगदी साधं गणिती प्रारूप दिलं. जमिनीचे चौकोन करायचे, प्रत्येकात वाळूचे काही थर. कुठलाही एक थर उचलायचा आणि वाऱ्याच्या दिशेने ठराविक चौकोन पुढे न्यायचा. तिथे आधीच वाळू असेल तर तो टिकायची शक्यता ०.६, उघडी कडक जमीन असेल तर ०.४, कारण कडक जमिनीवरून कण जास्त उसळतात. नाही टिकला तर आणखी पुढे. टेकडीच्या आडोशात, म्हणजे माथ्यापासून १५ अंशांच्या रेषेखाली पडला, तर हमखास टिकतो आणि तिथून उचललाही जात नाही. उतार मर्यादेबाहेर गेला की थर खाली घसरवायचा. बस, एवढंच. टेकडीचा आकार कुठेही सांगितलेला नाही, तरी वाळू कमी दिली तर बारखाण आपोआप तयार होतात आणि जास्त दिली तर आडव्या रांगा. ५१२ बाय ५१२ चौकोनांचा पट साध्या लॅपटॉपवरही चालतो. रात्री लावून झोपा. प्रोग्रॅमिंग नको असेल तर गाया किंवा हुडिनी या सॉफ्टवेअरमध्येही वाळूची साधनं आहेत, पण तिथेही तयार साच्यावर बटण दाबून थांबू नका, वाऱ्याची दिशा आणि वाळूचं प्रमाण हे दोन आकडे शोधून बदला.

या दुसऱ्या वाटेवर एक खाचखळगा आहे आणि त्यात नवीन माणूस हटकून पाय घालतो. उंचीचा नकाशा सेव्ह करताना आठ-बिट प्रतिमा निवडली, तर उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात. चाळीस मीटरचा फरक असेल तर एक पायरी साधारण १६ सेंटिमीटरची. दहा अंशांच्या चढावर अशी पायरी दर ९० सेंटिमीटरला येते. दुपारच्या उन्हात कळणार नाही, पण तुमचा अंक पहाटेचा आहे. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना प्रत्येक पायरीची सावली पडेल आणि टेकडीला भातखाचरं आल्यासारखी दिसतील. मग लोक ब्लर मारतात, पायऱ्या जातात आणि माथ्याची धारही जाते. सोळा-बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, प्रश्नच संपतो. शक्य असेल तर बत्तीस-बिट ईएक्सआर फाइल घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की खऱ्या जागेचाच उपग्रहाचा डेटा का वापरू नये. वापरा, पण मर्यादा ओळखून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने जी उंची मोजली, ती फुकट मिळते. इस्रोच्या कार्टोसॅटवरून केलेली उंचीही ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते. पण दोन्हींत बिंदूंमधलं अंतर साधारण ३० मीटर. पंधरा मीटर उंचीच्या टेकडीचा आखूड उतार जेमतेम पंचवीस मीटरचा असतो, तो दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो. शिवाय कोरड्या वाळूवरून रडारचा परतावा क्षीण येतो, म्हणून वाळवंटात त्या डेटात खड्डे आणि गोंगाट जास्त. मी तो फक्त मांडणीसाठी वापरतो: रांगांची दिशा, त्यांच्यातलं अंतर, मोकळी मैदानं कुठे. आकार वरच्या दोन वाटांपैकी एकीने.

आता लहरींकडे येऊ. यांच्यावर सगळ्यांचा जीव असतो, आणि बहुतेकांच्या वाळवंटाची माती यांच्यामुळेच होते. वाऱ्याने उठलेल्या लहरींमध्ये साधारण वितीएवढं किंवा त्याहून कमी अंतर असतं आणि उंची फार तर बोटाच्या पेराएवढी. बडोद्यात राहून हे बघायला राजस्थानला जायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये सिंधरोटला महीच्या पात्रात उतरा. पाण्याच्या कडेला ज्या लहरी दिसतील त्या पाण्याने केलेल्या. त्या आपल्या कामाच्या नाहीत. थोडं वर, पूर्ण सुकलेल्या वाळूवर जा. तिथे वाऱ्याच्या लहरी असतात. गुडघ्यावर बसा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघा: लहर सलग जात नाही, मध्येच एकीच्या दोन होतात, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटतो. लहरीच्या माथ्यावर जाडसर कण आणि खळग्यात बारीक. दगड किंवा काटकी असेल तिथे लहरी तिला वळसा घालून जातात. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, म्हणजे माप चुकत नाही. फोटो कॅमेरा सरळ खाली धरून आणि उन्हं चढायच्या आत सावलीत काढा. ऊन-सावली भाजलेला फोटो टेक्स्चर म्हणून लावला की तुमच्या सीनमधला सूर्य एकीकडे आणि लहरींची सावली दुसरीकडे.

हे सगळं बघून आलात की सीनमध्ये ते जवळजवळ लावूच नका. वॉलचा एक पिक्सेल चार मिलिमीटरचा. कॅमेऱ्यापासून वीसेक मीटरच्या पुढे दहा सेंटिमीटरची लहर तिरप्या कोनातून वॉलच्या पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि मग तिथे भलत्याच नागमोडी पट्ट्या चमकायला लागतात. डिस्टन्स शेडर लावून लहरी फक्त पुढच्या पट्ट्यात ठेवा आणि हळूहळू विरवा. आखूड उतारावर लहरी घालूच नका, तिथे वाळू घसरल्याच्या जिभा असतात: वर अरुंद, खाली पसरलेल्या. दोन-चार अशा जिभा नीट दाखवल्या तर हजार लहरींपेक्षा जास्त खरं वाटतं.

आणि टेकड्यांच्या मधली जमीन विसरू नका. जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकी खडक, गोटे, कडक माती. जैसलमेरकडे टेकड्यांच्या मध्ये पिवळ्या चुनखडीचे तुकडे पसरलेली कडक जमीन दिसते. आणि थर रिकामं नाही, जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी ते एक आहे. खेजडी, म्हणजे आपली शमी, चाऱ्यासाठी दरवर्षी छाटली जाते, त्यामुळे ती बागेतल्या झाडासारखी डेरेदार नसते. जाड खोड आणि वर फुटलेले झुपके. रुई, फोग, सेवण गवताचे ठोंब. टेराजेनमध्ये पॉप्युलेशनने ही झाडं विखुरताना त्यांना १५ अंशांपेक्षा सपाट जमिनीवरच ठेवा आणि प्रत्येक झुडपाच्या मागे, ईशान्येच्या बाजूला, वाळूची निमुळती शेपटी द्या. झुडूप वारा अडवतं आणि त्याच्या आडोशाला वाळू साचते. पुढच्या पट्ट्यात अशी पाच-सहा झुडपं शेपट्यांसकट नीट केलीत तरी पुरे. आपल्याकडचा गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, कच्छच्या दृश्यात चालेल, पण नाटकाचा काळ जुना असेल तर तोही टाळा. ते झाड बाहेरून आणून लावलेलं आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. वाळूचे कण मुळात बहुतेक गारगोटीचे, त्यांच्यावर लोहाच्या गंजाचा पातळ थर, म्हणून पिवळसर-तांबूस. पण पहाटेचा केशरी रंग वाळूचा नाही, उजेडाचा आहे. टेक्स्चरही केशरी आणि सूर्यही केशरी केला की सगळं पेटल्यासारखं दिसतं. वाळूचा रंग दुपारच्या ढगाळ उजेडातला ठेवा, फिकट, जरा कंटाळवाणाच. परावर्तन ०.३५ ते ०.४ च्या आसपास; त्यापेक्षा उजळ केलं तर सावल्या मरतात.

उजेडात मात्र वेळ घाला, कारण तुमच्या अंकाचा जीव तिथे आहे. जूनमध्ये जैसलमेरला सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. नाटकातला महिना कुठला ते लेखकाला विचारा. जून असेल तर उगवता सूर्य जवळजवळ समोरून आखूड उतारांवर पडतो आणि लांब चढ अंधारात राहतात. आता कॅमेरा पूर्वेकडे वळवला तर प्रेक्षकाला काळे चढ आणि माथ्यावर उजळलेली कड दिसेल. देखणं आहे, पण सूर्य चौकटीत आला की वॉल नटांच्या चेहऱ्यांवर मात करते, आणि प्रकाशयोजनाकाराला सगळा उजेड मागून द्यावा लागतो. मी कॅमेरा वायव्येकडे वळवीन, म्हणजे सूर्य उजव्या हाताला पडेल. प्रत्येक माथ्याची रेषा उजेड आणि सावली अशी स्पष्ट दुभागते, आणि विंगेतल्या दिव्यांशी मेळही बसतो.

सूर्य किती वर ठेवायचा? ५ अंशांवर सावली उंचीच्या अकरापट, १० अंशांवर साडेपाच-पावणेसहापट. ५ ते ८ अंशांच्या मध्ये टेकडीचा घाट सगळ्यांत चांगला वाचता येतो. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं, म्हणून लांब सावलीची कड मऊ होत जाते. टेराजेनमध्ये सॉफ्ट शॅडो चालू करा, नाहीतर शंभर मीटर लांब सावलीची कडसुद्धा कात्रीने कापल्यासारखी येते. हवेत निळेपणा कमी करा, धुळीची फिकट पिवळी झाक वाढवा. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवरच असतं, तेवढ्यात तीन-चार रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या पाहिजेत. खोली तिथून येते.

तुम्हाला आठ मिनिटांत पहाट उजाडलेली दाखवायची आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १२,००० फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटं लागली तरी ८३ दिवस. नको. कॅमेरा स्थिर आहे, त्याचा फायदा घ्या: सूर्याच्या निरनिराळ्या उंचीवर स्थिर चित्रं काढा आणि एडिटिंगमध्ये एकातून दुसऱ्यात विरघळवा. पण अंतर समान ठेवू नका. सूर्य २ वरून ४ अंशांवर गेला की सावली निम्मी होते, १० वरून १२ वर गेला तर जेमतेम सहाव्या हिश्श्याने आखडते. म्हणून सुरुवातीला पाव-पाव अंशाने चित्रं घ्या, पुढे अर्धा, पुढे एक. अंतर जास्त पडलं तर विरघळताना दोन-दोन सावल्या दिसतात. पहिली मिनिटं, सूर्य वर यायच्या आधीची, फक्त आकाशाच्या उजेडात जातील. तिथे काळजी वेगळी. मंद उजेडात एलईडी वॉल गडद छटा नीट दाखवत नाही, आकाशात पट्टे पडतात. चित्रावर अगदी हलका दाणा (ग्रेन) टाका, पट्टे मोडतात.

क्षितिजाची रेषा कुठे ठेवायची, यावर मी हटून बसेन. भरपूर वाळू दिसावी म्हणून लोक क्षितिज वर, दोन तृतीयांशावर नेतात. मग नट वाळूच्या भिंतीला चिकटवल्यासारखा दिसतो. उभ्या नटाच्या छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात क्षितिज असू द्या, रंगमंचापासून साधारण दीड मीटरवर. डोकी आकाशावर येतात, चेहरे उठून दिसतात, आणि मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जमीन रंगमंचावरूनच पुढे गेल्यासारखी वाटते. बाल्कनीतल्यांना थोडं चुकेल. त्यांना सगळ्याच नाटकांत थोडं चुकतं.

कामाचा क्रम असा ठेवा: वारा आणि उत्तर, मग टेकड्यांचा प्रकार आणि उंची, मग लाल-निळी चाचणी, मग कॅमेरा आणि सूर्य. इथपर्यंत सगळं करड्या रंगात. करड्या रंगातलं चित्र दिग्दर्शकांना दाखवा; त्यांना तेव्हाच वाळवंट दिसलं पाहिजे. मगच रंग, झुडपं, लहरी.

टेराजेनची मोफत आवृत्ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, तेव्हा तिकीट लावणार असाल तर परवान्याच्या अटी आधी वाचा. आणि वॉल भाड्याने देणाऱ्याकडून पिच आणि एकूण पिक्सेल हे दोन आकडे आत्ताच मागून घ्या. “फुल एचडी आहे” असं उत्तर आलं तर समाधान मानू नका; तो वॉलला चित्र पुरवणाऱ्या त्यांच्या प्रोसेसरचा आकडा असतो, वॉलचा नाही. वॉलच्या नेमक्या मापाचं रेंडर करा आणि रंगीत तालमीच्या आधी एक चित्र तिच्यावर लावून शेवटच्या रांगेतून बघा.